शंभर लिटर समुद्र

दादर चौपाटीपासून चालत सात मिनिटांवर राहणाऱ्या माणसाने घरी मीठ कालवून समुद्र बनवायचा म्हणजे काय? समोरच्या काकू म्हणाल्या, "पैसे वर आलेत." पुण्याच्या आत्यांनी सुचवलं, "बादली घेऊन खाली जा की गं, फुकटात काम!" ऑफिसातल्या मैत्रिणीने तर अगदी मनापासून विचारलं, की घरातलं आयोडीनवालं मीठ चालतं, की सैंधवच लागतं?

गेलं वर्षभर या प्रश्नांची मी सुटी सुटी उत्तरं देत आले. फोनवर, लग्नात, गणपतीत, एकदा तर बाराव्याच्या जेवणात. तेव्हा म्हटलं, एकदाच सगळं सविस्तर लिहून काढावं. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मधला मिठाचा भाग गाळून थेट कोलंबीवर यावं.

तर, आमच्या घरी खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे. आणि तोही नुसता खाऱ्या पाण्याचा नव्हे, तर 'रीफ'. म्हणजे प्रवाळाच्या खडकावर जसं जग नांदतं, दगड, वाळू, गोगलगायी, खेकडे, शेवाळ, मासे, तसं एक छोटंसं जग. गोड्या पाण्याच्या टाकीत आपण मासे पाळतो. या टाकीत आधी पाणी पाळायचं असतं. मासे त्या पाण्याकडे राहायला येतात, एवढंच.

सुरुवात अर्थातच लेकीने केली. ती चौथीत आहे. 'फाइंडिंग निमो' हा सिनेमा २००३ सालचा, म्हणजे तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, पण तिचा तो पाठ आहे. तिला निमो प्रत्यक्ष बघायचा होता. आमच्या लहानपणी याचं उत्तर सोपं होतं: चर्नी रोडला उतरायचं आणि तारापोरवाला मत्स्यालयात जायचं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय मुंबईतल्या प्रत्येक शाळेच्या सहलीत असायचंच. त्या अंधाऱ्या खोल्या, हिरव्या उजेडातल्या टाक्या आणि पुढच्या मुलाच्या डोक्यावरून बघायची धडपड! २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं, पारदर्शक बोगदा वगैरे झाला. पण २०२० च्या टाळेबंदीत त्याची दारं बंद झाली ती झालीच. लेक तिथे एकदाच गेली आहे, कडेवर बसून. तिला आठवतो तो फक्त बाहेरचा फुगेवाला.

हे सगळं जेवताना चाललं होतं. आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, सहसा जेवताना बोलत नाहीत. ते ताटाकडे बघतच म्हणाले, "बंद झाला तर झाला. घरात करूया की."

बाबा मालवणजवळच्या एका गावचे. अठराव्या वर्षी मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत मागावर लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा माझा नवरा पाळण्यात होता. गिरणी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही. मग पडेल ती कामं. पण रोज संध्याकाळी चौपाटीवर एक फेरी, हे त्यांनी कधी सोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. चौपाटी सात मिनिटांवर खरी, पण त्याआधी अडतीस पायऱ्या आहेत. तेव्हा 'घरात करूया' हे कुणासाठी चाललं होतं ते आम्ही दोघं समजलो आणि गप्प बसलो.

पहिला प्रश्न पाण्याचा नव्हता, जमिनीचा होता. नवरोबांना चार फुटी टाकी हवी होती. आता हिशेब बघा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच म्हणजे बारा घनफूट, जवळजवळ ३४० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात काच, दगड, वाळू, स्टँड मिळवा, अर्धा टन कुठेच गेला नाही. आणि आमच्या खोलीखाली आहेत सागवानी तुळया, त्यांच्यावर फळ्या, आणि त्यांच्याखाली राहणारे पाध्ये आजी-आजोबा. (नाव बदललंय हं, आजी वाचतात.) शेवटी दोन फूट बाय दीड बाय दीडवर तडजोड झाली. पाणी शंभर लिटर, सगळं मिळून वजन दोनशे किलोच्या आत. टाकी ठेवली ती भिंतीला चिकटून, तुळयांना आडवी, म्हणजे भार एका तुळईवर न पडता वाटला जाईल. "तीन माणसं कायमची उभी आहेत असं समज," असं नवऱ्याने पाध्ये आजींना समजावलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे गणपतीत तीस असतात की रे."

आता मीठ.

चौपाटीचं पाणी का नाही? कारण साधं आहे. मत्स्यालयासाठी समुद्राचं पाणी घेतात, जगभर घेतात, पण ते शांत, स्वच्छ जागचं, गाळून, निवळून. दादरचा किनारा म्हणजे माहीमचा उपसागर. तिथे मिठी नदी येऊन मिळते आणि मिठीबरोबर काय काय येतं हे २६ जुलै २००५ नंतर मुंबईकराला वेगळं सांगायला नको. शिवाय पावसाळ्यात इतकं गोडं पाणी समुद्रात उतरतं की किनाऱ्याजवळ खारटपणाच उरत नाही. शंभर लिटरमध्ये ही असली चढउतार कुणाला सोसणार?

आणि घरातलं मीठ का नाही? ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात मीठ मुख्य खरं, पण सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि इतरही कितीतरी गोष्टी असतात. शंख-शिंपले, प्रवाळ आपली घरं त्या कॅल्शियमवर बांधतात. म्हणून हे सगळं मोजून घातलेलं मीठ पिशव्यांमधून विकत मिळतं. शंभर लिटरला साडेतीन किलो. आमटीत मीठ जास्त झालं तर बटाटा घालता येतो, इथे तसली सोय नाही. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर नावाची एक छोटी दुर्बीण असते. तिच्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आत बघायचं, की खारटपणाची रेघ दिसते. आपल्याला हवी १.०२५ वर. लेक आता डाळीच्या पाण्यापासून डोळ्यांतल्या पाण्यापर्यंत सगळं त्यात बघून झाली आहे.

हे मीठ कालवायचं कशात? नळाच्या पाण्यात नाही, कारण त्यात क्लोरीन असतं आणि शेवाळाला आवडणारी बरीच खतंही असू शकतात. म्हणून आरओचं पाणी. आमच्याकडे पाणी पहाटे येतं. ते पिंपात भरायचं, पिंपातून आरओत, आरओतून दुसऱ्या पिंपात, मग मीठ, मग रात्रभर पंप लावून ढवळणं. आरओतून फेकलं जाणारं पाणी लादी पुसायला आणि कपड्यांना. बाबांनी या सगळ्याचं वेळापत्रक करून संडासच्या दारावर चिकटवलं. गिरणीत पाळ्या असायच्या तशा आमच्याही पाळ्या लागल्या.

दगडांची गोष्ट पुढे येईल. आम्ही घेतले ते भट्टीत भाजलेले, सच्छिद्र, माणसाने बनवलेले दगड. ते टाकीत रचताना बाबांनी तीन दुपारी घेतल्या. मला वाटलं शोभेसाठी चाललंय. तर म्हणे, "पाणी खयसून येतला, खंय वळतला, ता बघूक व्हया." दगडांच्या मागे पाणी साचून राहिलं तर घाण तिथेच बसते. भरती-ओहोटी बघत वाढलेल्या माणसाला हे पुस्तकात वाचावं लागत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकी भरली. दोन दिवस पाणी दुधासारखं गढूळ होतं, तिसऱ्या दिवशी निवळलं. काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! निळा उजेड, पांढरी वाळू, वर हलणारं पाणी. लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "चला, निमो आणायला."

आणि इथे आली कोलंबी.

नवीन टाकी दिसते स्वच्छ, पण ती जगायला तयार नसते. मासा खातो, विष्ठा टाकतो, त्यातून अमोनिया होतो. अमोनिया माशाला विष आहे. समुद्रात, जुन्या टाकीत, काही जिवाणू हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सुसह्य असतं आणि थोडं थोडं पाणी बदलून काढून टाकता येतं. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर वस्ती करतात. वस्ती व्हायला लागतात चार ते सहा आठवडे, कधी जास्तही. आणि वस्ती व्हायची तर आधी त्यांना जेवण हवं. पूर्वी लोक यासाठी एखादा चिवट मासा सोडायचे, तो जगला तर नशीब. त्यापेक्षा बरा उपाय म्हणजे कच्ची कोलंबी पाण्यात टाकून तिला कुजू द्यायचं.

मी सिटीलाईटच्या बाजारात गेले. मासेमारीच्या बंदीचे दिवस, कोलंबीचे भाव आभाळाला. म्हटलं, "मावशी, एक कोलंबी द्या."

"एक किलो?"

"नाही, एकच. एक नग."

मावशींनी कोयता बाजूला ठेवला. "मांजर हाय घरी?"

"नाही. पाण्यात कुजवायचीय."

शेजारच्या दोघी-तिघी ऐकायला वळल्या. मी पंधरा वर्षं त्या मावशींकडून मासे घेते. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं, एक कोलंबी पिशवीत घातली आणि पैसे घेतले नाहीत.

त्यानंतरचे आठवडे म्हणजे घरात एक निळी, सुंदर, रिकामी टाकी आणि तिच्यात कुजणारी कोलंबी. येणारे-जाणारे विचारायचे, "मासे कुठायत?" बाबा शांतपणे सांगायचे, "पाणी बसाक व्हया." त्यांनी एक लांबट वही घातली होती. तारीख, वेळ, तापमान, खारटपणा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. टेस्ट किटमध्ये नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवा, जास्त तितका गडद. लेक रंग सांगायची, आजोबा लिहायचे. दुसऱ्या आठवड्यात हिरवा इतका गडद झाला की ती घाबरली. चौथ्यात तो पिवळा होऊ लागला आणि नायट्राइट वर चढलं. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्य. त्या दिवशी ती नळी घरातल्या प्रत्येकाला दाखवून आली. पाध्ये आजींनाही.

"आता?"

"आता नाय," बाबा म्हणाले.

कारण सगळी टाकी तपकिरी झाली होती! नवीन टाकीत हे होतंच. डायटम नावाचे सूक्ष्म जीव वाळूवर, काचेवर, दगडांवर चॉकलेटी थर धरतात. मग तो जातो आणि हिरवं शेवाळ येतं. त्याला खायला गोगलगायी सोडायच्या. आधी त्या, मग छोटे हर्मिट खेकडे. लेक रुसली. दोन महिने वाट बघून गोगलगाय! तेव्हा बाबांनी तिला नारळी पौर्णिमेचं सांगितलं. पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवतात. समुद्र खवळलेला असतो हे एक, आणि माशांचे अंड्यांवर यायचे दिवस असतात हे दुसरं. घरात कितीही ओढ असो, दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी आत जायची नाही. "आपणसुद्धा नारळी पौर्णिमेक मासो आणूया." दिवस ठरला, तारीख कळली, म्हणून रुसवा गेला. मुलांना वाट बघता येते, फक्त कधीपर्यंत ते सांगावं लागतं.

मधल्या काळात तापमानावरून एक मोठी चर्चा झाली. रीफला २५-२६ अंश बरे. मुंबईत दिवे, पंप चालू असले की टाकी सहज तिशीच्या पुढे जाते. पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवन होऊन थंडावा येतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. जुलैमध्ये पंख्याने जेमतेम एक अंश उतरला. बाबांनी कारण सांगितलं. गिरणीत मागाच्या खात्यात दोन थर्मामीटर टांगलेले असायचे, एक सुका आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून हवेत मुद्दाम दमटपणा ठेवायचे आणि तो या दोघांतल्या फरकावरून कळायचा. फरक कमी म्हणजे हवा आधीच ओली, पाणी उडणार कसं आणि गारवा येणार कुठून? संपाला चाळीस वर्षं उलटून गेली तरी ओल्या-सुक्याचं कोष्टक त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. शेवटी एक छोटा चिलर जुना घेतला आणि २७ वर तडजोड केली. पंखाही ठेवला. त्याने दिवसाला लिटरभर पाणी उडतं. मीठ मात्र उडत नाही, म्हणून तेवढं रोज गोडं पाणी घालायचं. हे ज्याला लक्षात राहील त्याने अर्धी टाकी जिंकली.

आता त्या दगडांबद्दल.

ऑगस्टच्या सुरुवातीला सामानासाठी आम्ही एका दुकानात गेलो होतो. मी आणि लेक. दुकानदाराने टाकीची चौकशी केली, फोटो बघितले, आणि मग आतल्या खोलीत नेलं. तिथे एका टाकीत जिवंत प्रवाळ होतं. हिरवंगार, मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं, निळ्या उजेडात चमकणारं. मी इतकं सुंदर काही फार क्वचित पाहिलंय. "घेऊन जा मॅडम, यानेच टाकीला शोभा येते. फक्त बिल नाही मिळणार." लेकीने माझा हात घट्ट धरला. तिला ते हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही हवं होतं.

बिल का नाही, ते मला माहीत होतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं आली, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखेही. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्या हिरव्या वळ्यांना. समुद्री घोडेही त्याच वर्षी आले. त्यामुळे समुद्रातून उचललेला प्रवाळाचा दगड टाकीत ठेवायचा प्रश्नच नाही, मेलेला पांढरा तुकडासुद्धा नाही.

मी फोटो काढून आणला आणि बाबांना दाखवला. मला वाटलं कायदा सांगावा लागेल. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. लहानपणी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ओहोटीला बुड्या मारताना त्यांनी असले 'दगड' पाहिले होते. १९८७ मध्ये तो भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा ते कधीच मुंबईला येऊन गिरणीही बघून झाले होते. लेक म्हणाली, "आजोबा, छोटासाच दगड आहे."

"दगड नाय गो तो," ते म्हणाले. "आख्खो गाव आसा एक."

आणि ते शब्दशः खरं आहे. प्रवाळ हा हजारो छोट्या प्राण्यांचा एकत्र संसार. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि भाड्यापोटी मालकाला देतं. पाणी थोडं जास्त तापलं, नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादा अंश, आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे भाडेकरू निघून जातात. घर पांढरं पडतं आणि फार काळ गेला तर मरतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जगभरची प्रवाळं चौथ्यांदा अशी एकाच वेळी पांढरी पडत आहेत. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळंही पांढरी पडली. आमच्या टाकीत एक अंश उतरवायला किती खटपट लागते ते मी वर लिहिलंच आहे. समुद्राला चिलर लावता येत नाही.

तर तो गाव दुकानातच राहिला. लेक परतीच्या वाटेवर रडली. पण एका प्रश्नावर येऊन थांबली: "मग निमो कुठून आणतात? त्यालाही घरातून उचलूनच?"

प्रश्न रास्त होता. रीफचे बरेच मासे समुद्रातून पकडलेलेच असतात. काही देशांत तर पाण्यात सायनाइड फवारून, गुंगवून पकडतात. पण निमो, म्हणजे क्लाउनफिश, टाकीत जन्माला घालता येतो. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे करून दाखवलं. इथे ऐरोलीलाही त्यांची पैदास सुरू झाली. आम्ही टाकीत जन्मलेलीच जोडी शोधली. दुसऱ्या सिनेमातली निळी डोरी मात्र आणली नाही. तिला पोहायला लागते ती जागा आमच्या तुळयांना झेपणारी नाही.

नारळी पौर्णिमेला दोन मासे आले. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, मग तासभर थोडं थोडं पाणी मिसळलं. लेकीने देवाजवळचा नारळ आणून टाकीसमोर ठेवला. फोडला नाही, कारण वाळूत नारळाचं पाणी गेलं तर अमोनिया वाढेल! हे तिचंच शास्त्र.

त्या जोडीबद्दल एक गंमत. सगळे क्लाउनफिश नर म्हणूनच जन्मतात. जोडीत जो दांडगा होतो तो मादी होतो. मादी गेली तर उरलेला नर मादी होतो. म्हणजे सिनेमातल्या निमोचे बाबा खऱ्या समुद्रात त्याची आई झाले असते. हे ऐकून लेक दोन दिवस विचारात होती. आता आमच्याकडची मोठी ती 'ताई' आणि छोटा तो 'भाऊ'. यथावकाश ठाण्याच्या एका हौशी गृहस्थांनी त्यांच्या टाकीत वाढलेल्या मशरूमचा एक तुकडा दिला. हा प्रवाळाचा मऊ भाऊबंद, त्या अनुसूचीत नसलेला. एकाचे आता तीन झालेत. रीफ म्हणून आमच्याकडे दाखवायला आहे ते एवढंच.

जानेवारीत एका मोठ्या ओहोटीला आम्ही हाजी अलीच्या खडकांवर गेलो. 'मरीन लाईफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून लोकांना मुंबईचे किनारे दाखवतात, त्यांच्यामुळे मला ओहोटीचं वेळापत्रक बघायची सवय लागली. बाबांना टॅक्सीने नेलं, खडकांवर उतरवलं नाही, पण काठाशी खुर्ची टाकून बसवलं. लेक खाली वाकली आणि ओरडली. खडकावर आमच्या मशरूमची चुलत भावंडं पसरली होती, झोअँथिड, हिरवट-तपकिरी बटणांची सतरंजीच. समुद्रफुलं होती. हर्मिट खेकडे होते, आम्ही पैसे देऊन आणले तसलेच, फुकट फिरत होते. याच आणि वरळीच्या किनाऱ्यावरून २०२० मध्ये सागरी किनारा मार्गासाठी प्रवाळाच्या वसाहती, रीतसर परवानगी घेऊन, खडकांसकट हलवल्या होत्या. आमच्या मुंबईत, गाड्यांच्या आवाजात, प्रवाळ होतं आणि आहे, हे मला माझ्या वयाच्या चाळिशीत कळलं.

येताना लेकीने बाटलीत पाणी भरून आणलं. घरी रिफ्रॅक्टोमीटरवर रेघ बरोबर जागेवर आली. मग ती म्हणाली, आपल्या चौपाटीचंही बघूया. दुसऱ्या दिवशी दादरचं पाणी आणलं, निवळू दिलं, नळीत घेतलं, थेंब टाकले. पाच मिनिटांनी दोन नळ्या शेजारी शेजारी धरल्या. आमच्या टाकीची पिवळी. दादरची हिरवी.

कुणी काही बोललं नाही. मग लेक म्हणाली, "या पाण्यात आपण मासा सोडला नसता."

बाबांनी वही ओढली. एका दिवसाच्या आकड्यावरून काही म्हणता येत नाही, असं म्हणाले. गिरणीतही एका पाळीच्या आकड्याला कुणी विचारायचं नाही. त्यांनी वहीत एक नवीन रकाना आखला आणि त्यावर लिहिलं: दर्या. तेव्हापासून दर अमावास्येला आणि पौर्णिमेला लेक खाली जाऊन बाटली भरून आणते. भर पावसात खारटपणाची रेघ १.०१५ पर्यंत उतरलेली आम्ही पाहिली. विसर्जनानंतरची नोंदही आहे, ती इथे लिहीत नाही. वही भरत आली आहे. तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही, पण बाबांनी नवी वही आणवून ठेवली आहे. आणि एक झालंय: गेल्या महिन्यात त्यांनी ती बाटली स्वतः भरली. अडतीस पायऱ्या, चार ठिकाणी बसून. वर यायला पाऊण तास लागला.

असो. फारच लांबलं.

बारा ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती ते आठवून आम्ही बॅटरीवरचा हवेचा पंपही आणून ठेवलाय, तेव्हा त्या काळजीचे फोन करू नयेत. गणपतीत येणाऱ्यांसाठी सूचना: काचेवर टकटक करू नये. माशांना मोदकाचा कण घालू नये. हाताला अत्तर लावून पाण्यात बोट घालू नये, आत्या, हे तुमच्यासाठी. आणि कोलंबी आणणार असाल तर जरूर आणा, फक्त एक नग आणू नका. ती टाकी आता भरली.